पुरात भिजलेल्या पावत्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पुढे ५५ फुटांचाही टप्पा मागे टाकला, तेव्हा करवीर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या सोप्यात छातीएवढे पाणी उभे राहिले. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्र्याची ट्रंक हाती लागली. आत सातबाराचे उतारे, सोसायटीची पासबुके, साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला आणि सुतळीने बांधलेला पक्षाच्या सभासदत्वाच्या पावत्यांचा एक गठ्ठा होता. बाकीचे कागद तलाठ्याकडून आणि सोसायटीच्या सचिवांकडून पुन्हा मिळवता आले असते. त्या पावत्या कुठूनच मिळाल्या नसत्या, म्हणून मी आधी त्याच हाती घेतल्या. एकमेकींना चिकटलेल्या त्या कागदांच्या कडा उलथन्याच्या पातळ टोकाने सोडवत आणि एकेक पावती वर्तमानपत्रावर पसरत मी दोन दिवस बसले होते. शाईने लिहिलेली रक्कम, आबांचे नाव आणि पावती फाडणाऱ्याची सही निळ्या डागांत विरघळून गेली होती. छापलेली ‘शेतकरी कामगार पक्ष’ ही अक्षरे आणि शिक्क्याने उमटवलेले वर्ष तेवढे वाचता येत होते. सर्वांत जुनी पावती १९५७ ची होती आणि शेवटची २०१० ची. मधल्या तीन वर्षांच्या सापडल्या नाहीत. एकूण ५१ पावत्या भरल्या. आबा २०११ साली गेले.

ज्या पक्षाचा आज कोल्हापूर जिल्ह्यात एकही आमदार नाही, त्याचे सभासदत्व मी अजून का ठेवते, असे मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी आणि नात्यातल्या लोकांनी वेळोवेळी विचारले आहे. पूर्वी मी चटकन उत्तर देत असे आणि त्या उत्तरात विचारधारा, परंपरा, शाहू महाराजांचा जिल्हा असे सगळे शब्द येत. ते शब्द खोटे नव्हते. पण त्या दोन दिवसांत ओल्या पावत्या उलटताना माझ्या लक्षात आले की आमच्या घरातील पक्षनिष्ठेचा हिशेब मी आजवर अर्धाच मांडत आले होते.

शेतकरी कामगार पक्षाची, म्हणजे शेकापची, स्थापना १९४७ च्या ऑगस्टमध्ये झाली. स्वातंत्र्य तर येत आहे, पण येणारे राज्य कसणाऱ्याचे असणार का, या प्रश्नाचे उत्तर काँग्रेसमध्ये राहून मिळणार नाही, असे वाटणाऱ्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या माणसांनी वेगळी चूल मांडली. १९५० साली दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने आपली मार्क्सवादी बैठक प्रबंधाच्या रूपाने मांडली. कोल्हापुरात या पक्षाला जमीन आयती मिळाली, कारण ती आधीच नांगरलेली होती. ज्या संस्थानात १९०२ साली मागासलेल्या जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या आणि ज्या गावांत सत्यशोधकांचे जलसे होऊन गेले, तेथील कुणब्याला लाल बावटा परका वाटला नाही. आबांनी दाभाडी प्रबंध वाचला होता की नाही, हे मला सांगता येत नाही. ते सातवी शिकलेले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकून ते पक्षात आले, त्यांचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आणि त्याच १९५७ च्या निवडणुकीत कोल्हापूरने शेकापच्या भाऊसाहेब महागावकरांना लोकसभेत पाठवले.

आमच्या सोप्यात महिन्यातून एकदा तरी बैठक होई. घोंगडी अंथरली जात, कंदिलाची काच राखेने पुसली जाई आणि माणसे जमत. पक्षात सगळे एकमेकांना ‘भाई’ म्हणत. पाच एकर बागायत असलेला भाई, दुसऱ्याच्या बांधावर राबणारा भाई, गिरणीतून परत आलेला भाई आणि चांभारवाड्यातून आलेला भाईही त्याच घोंगडीवर बसे. ज्या गावात पाणवठ्यापासून पंगतीपर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली होती, त्या गावात या एका शब्दाने काय केले असेल, याची कल्पना आजच्या मुलांना देणे अवघड आहे. मला या पक्षाविषयी पहिले प्रेम वाटले ते त्या शब्दामुळे.

१९७७ ची लोकसभा निवडणूक मला चांगली आठवते, कारण मी पंधरा वर्षांची होते आणि आणीबाणीच्या काळात घरातल्या बैठका बंद पडलेल्या मी पाहिल्या होत्या. शेकापचे दाजीबा देसाई उभे होते. मतमोजणी संपेपर्यंत आबा शहरातच थांबले आणि पहाटे सायकल हातात धरून घरी आले. इतके दमले होते की त्यांना ती चालवता येत नव्हती. दाजीबा देसाई १६५ मतांनी निवडून आले होते. संपूर्ण लोकसभा मतदारसंघात १६५ मते! त्यानंतर कितीतरी वर्षे मी या जिल्ह्यातल्या ज्या ज्या लाल बावट्याच्या घरी गेले, तेथे ती १६५ मते आपल्याच गावची होती, असे मला सांगण्यात आले. आमच्याही घराचा तोच दावा होता. आबा बोटांवर मोजून दाखवत: वरच्या आळीतली इतकी, मळ्यातली इतकी, पोलिसांच्या धाकाने गाव सोडून गेलेली आणि मतदानाला मुद्दाम परत आलेली तीन. एका मताची किंमत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मी पुढे तीस वर्षे शिकवली, परंतु ती मला समजली ती आबांच्या त्या बोटांवर.

निष्ठेची दुसरी किंमत मला समजली ती १९८३-८४ च्या गाळप हंगामात. आमचा दीड एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षात तयार होणारा, ऊस उभा होता. आडसालीची तोड हंगामाच्या सुरुवातीला व्हावी लागते, आणि कारखान्याच्या पाळीपत्रकाप्रमाणे आमचा क्रमांक डिसेंबरात येत होता. ज्या कारखान्याला आमचा ऊस जात असे, तेथील सत्ताधारी मंडळींच्या विरोधात आबांनी सभासदांच्या वार्षिक सभेत वजनकाट्याविषयी प्रश्न विचारला होता. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. शेजारच्या बांधापर्यंत टोळी आली, तेथला फड रिकामा झाला आणि टोळी आमचा ऊस सोडून पलीकडे गेली. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय रोज सायकलवरून आमच्या वाटेने जाई आणि मान खाली घाली. तो आमच्याच भावकीतला होता. उसाला तुरे आले होते. लांबून ते फार सुंदर दिसतात, चांदीच्या रंगाचा समुद्र हलावा तसे. पण तुरा आलेला ऊस आतून पोकळ पडत जातो, वाढे वाळते आणि वजन दिवसागणिक उतरते. आई रोज सकाळी फडाच्या कडेला जाऊन एक कांडे मोडून बघे. मोडताना होणारा आवाज ओला आहे की कोरडा, यावरून तिला पुरेसे कळत असे.

फेब्रुवारीत तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ घरी आले. त्यांनी चहा घेतला, आबांच्या प्रामाणिकपणाची स्तुती केली आणि सांगितले की उद्या सकाळी टोळी फडात उतरेल, फक्त येत्या रविवारी गावात होणाऱ्या आमच्या कार्यक्रमात तुम्ही व्यासपीठावर बसा, भाषण करण्याचीही गरज नाही. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमी म्हनाल तवा माजा ऊस तुटंल, ही खरं. मग म्या म्हनीन तवा काय हुईल?” त्या गृहस्थांना प्रश्नाचा रोख कळला की नाही, मला माहीत नाही. ते उठून गेले. आमचा ऊस एप्रिलमध्ये तुटला आणि नेहमीच्या वजनाच्या निम्म्याने भरला.

हा प्रसंग मी अनेकदा सांगितला आहे आणि दर वेळी आबांच्या वाक्यापाशी थांबले आहे. त्यापुढचे मी सांगत नसे. सोसायटीचे कर्ज थकले, धाकट्या बहिणीचे ठरलेले लग्न एक वर्ष पुढे गेले आणि मे महिन्यात आईने हातातल्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या. गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मी तिच्याबरोबर गेले होते. सोनाराने पाटल्या तराजूत टाकल्या तेव्हा तिने पदर ओढून मनगटे झाकून घेतली. घरी परतताना बसमध्ये ती पक्षाविषयी, आबांविषयी किंवा कारखान्याविषयी चकार शब्द बोलली नाही. पाऊस वेळेवर येईल का, एवढेच विचारत राहिली. २०१९ च्या त्या गठ्ठ्यात ५१ पावत्या होत्या आणि त्यांत तिच्या नावाची एकही नव्हती. सोप्यातल्या प्रत्येक बैठकीचा चहा तिने केला, भुईवर पडलेली घोंगडी तिनेच झटकली, मोर्चाला जाणाऱ्यांच्या भाकरी तिने बांधल्या, पण ‘भाई’ या शब्दाला आमच्या घरात स्त्रीलिंग नव्हते.

माझी स्वतःची पावती मी १९८५ मध्ये घेतली. त्या वर्षी प्राध्यापक एन. डी. पाटील कोल्हापुरातून विधानसभेला उभे होते आणि निवडून आले. मी शहरात बी. एड. करत होते. मैत्रिणींबरोबर मी शिवाजी पेठेतील आणि मंगळवार पेठेतील घरोघर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. निकालानंतर गावी जाऊन मी आबांना म्हणाले की मलाही सभासद करून घ्या. त्यांना राग आला नाही, आश्चर्य मात्र खरेच वाटले. “तुला कशाला गं पावती? म्या हाय की घरात,” असे ते म्हणाले. जन्मभर बरोबरीचे राजकारण केलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य इतक्या सहजपणे आले, की मला प्रत्युत्तर सुचले नाही. पुढच्या आठवड्यात मी एकटीच टेंबे रोडवरील पक्ष कार्यालयात गेले, पैसे भरले आणि पावती घेतली. सुट्टीला गेले तेव्हा ती मी आबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत दिली. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी वाद घालायला सुरुवात केली, आणि मला वाटते की तो त्यांनी मला दिलेला सर्वांत मोठा मान होता.

आमचा सर्वांत लांबलेला वाद पक्षाच्या नावावरूनच झाला. १९८८ पासून मी ज्या माध्यमिक शाळेत शिकवत होते, तिच्या मागच्या गायरानात दर दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडत. बीड आणि अहमदनगरकडून आलेली ती कुटुंबे. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि तिची फेड दोघांच्या अंगावर असते. पहाटे चार वाजता बाई मोळी बांधायला फडात जाई आणि सात-आठ वर्षांची मुलगी कोपीत तान्ह्या भावंडाला सांभाळत बसे. आमच्या शाळेची घंटा तिला स्पष्ट ऐकू येत असणार. मी हे आबांना सांगे, तेव्हा ते टोळीच्या खुशालीविषयी, म्हणजे टोळी वरचे म्हणून मागते त्या पैशांविषयी, बोलत. तोडायला आलेल्या टोळीला दर खेपेला खुशाली द्यावी लागते, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री द्यावी लागते, आणि नाही दिली तर बुडख्यापासून वर वीतभर ऊस जमिनीत सोडून दिला जातो, ही त्यांची तक्रार खरीच होती. मी म्हणे की आपल्या पक्षाच्या नावात शेतकरी आहे आणि कामगारही आहे, आणि हे दोन शब्द एकाच फडात समोरासमोर उभे राहिले तर पक्ष कोणत्या बाजूला बसणार? ते चिडत. एकदा ताटावरून उठूनही गेले. या प्रश्नाचे त्यांनी मला पटेल असे उत्तर कधी दिले नाही. पण १९९६-९७ च्या सुमारास त्यांनी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर कोप्यांसाठी पाण्याचा नळ काढून दिला आणि तो काढताना मला काही सांगितले नाही; मला ते शेजाऱ्यांकडून समजले.

पक्ष सोडून गेलेल्यांविषयी आबा कडवट बोलत. मी तसे बोलू शकत नाही. ज्यांनी पक्ष काढला ते जेधे आणि मोरे दोघेही काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परत गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेच्या सुमारास यशवंतराव मोहिते गेले. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण मांडले आणि त्या बेरजेतला मोठा आकडा आमच्या पक्षातून वजा झालेला होता. जिल्ह्यात साखर कारखाने, दूध संघ आणि बँका उभ्या राहिल्या, तसा गावातल्या हुशार तरुणाचा प्रत्येक प्रश्न त्या संस्थांच्या दारातून सुटू लागला. मुलाला नोकरी, पाणी योजनेला मंजुरी, उसाला तोड हे ज्याच्या हाती, त्याच्याकडे माणसे गेली. ती सगळी लोभी नव्हती. एप्रिलपर्यंत ऊस उभा राहणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि ज्याच्या घरात मोडायला पाटल्या नाहीत, त्याने काय करावे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. मला सल एवढीच आहे की जाणाऱ्यांपैकी फार थोडे जण जाण्याआधी भांडले. मतभेद मांडला, ठराव आणला, हरले आणि मग गेले, असे क्वचित घडले. बहुतेक जण रात्री आमच्या बैठकीत मान डोलावत आणि सकाळी दुसऱ्या व्यासपीठावर दिसत.

राहिलेल्यांत एन. डी. सर होते. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते सहकारमंत्री होते, रयत शिक्षण संस्थेचे ते अनेक वर्षे चेअरमन होते, सीमाभागातल्या मराठी माणसासाठी ते शेवटपर्यंत झटले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि पक्ष एकच ठेवला. ही नावे आमच्याकडे देवघरातल्या टाकांसारखी घेतली जातात, आणि मला ते फारसे आवडत नाही, कारण टाकांना प्रश्न विचारता येत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर सर येतात ते कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातले. वयाची ऐंशी ओलांडलेली, शरीर थकलेले, आणि शहराच्या अंतर्गत रस्त्यांसाठी शहरातल्याच माणसाने टोल का द्यावा, हा साधा प्रश्न घेऊन ते रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या सोबतीला कम्युनिस्ट पक्षाचे गोविंदराव पानसरे होते. मी निवृत्तीच्या जवळ आले होते, तरी त्या मोर्चात शेवटच्या रांगेत चालले. टोल रद्द झाला. पण तो दिवस पाहायला पानसरे नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून येताना त्यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. जानेवारी २०२२ मध्ये सरही गेले. दोन वेगळ्या पक्षांची ही माणसे होती, तरी त्या दोन्ही वेळी मला आपल्याच सोप्यातली घोंगडी रिकामी झाल्यासारखे वाटले.

आकड्यांपासून तोंड फिरवण्यात अर्थ नाही. १९६७ च्या विधानसभेत पक्षाचे १९ आमदार होते, १९७८ मध्ये १३, १९९५ मध्ये सहा, २०१४ मध्ये तीन, आणि २०१९ व २०२४ मध्ये प्रत्येकी एक. उसाच्या दराचे आंदोलन स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदांकडे गेले आणि माझे चुलतभाऊ छातीवर संघटनेचा बिल्ला लावून पहिल्या उचलीसाठी, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्यासाठी, रस्ता अडवू लागले. त्यांचे मला कौतुकच वाटले. १९९९ साली पक्ष काँग्रेस आघाडीच्या सरकारात सामील झाला तेव्हा आबा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत आणि त्या वर्षाची पावती त्यांनी तरीही फाडली. का फाडलीत, असे मी विचारले, तेव्हा पावती फाडली नाही तर भांडायला कुठल्या तोंडाने जाऊ, असे त्यांचे म्हणणे होते.

७ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान होते. शाहू छत्रपती महाराज काँग्रेसच्या चिन्हावर उभे होते आणि आमच्या पक्षाचा पाठिंबा त्यांना होता. ऊन डोक्यावर येण्याआधी मी आईला रिक्षाने केंद्रावर नेले. ती तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि मताचा हक्क मिळाल्यापासून एकही मतदान तिने चुकवलेले नव्हते. यंत्रावर मदत लागेल का, असे अधिकाऱ्याने विचारले, तिने नको म्हटले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती इतका वेळ उभी राहिली की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. शेवटी तिने मान वळवून, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारले, “आपली निशाणी कुटं हाय गं? ह्यात दिसंना.”

अधिकारी म्हणाले, आजी, मोठ्याने बोलायचे नसते. दारातून मी तिला हाताचा तळवा दाखवू शकत नव्हते आणि दाखवला नाही. आदल्या रात्री मी तिला सगळे समजावून सांगितले होते आणि तिने ते ऐकलेही होते. तिने पुन्हा यंत्राकडे तोंड केले, बोटाने वरून खाली एकेक ओळ चाचपली, आणि मग आवाज आला. बाहेर येऊन तिने शाई लागलेले बोट उन्हात धरून पाहिले. कोणते बटण दाबले, ते मी विचारले नाही. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली की पुढच्या वेळी पावती फाडायला टेंबे रोडला जाशील तेव्हा मला सांग, मलाही यायचे आहे.

त्या जूनमध्ये आम्ही दोघी गेलो. जिना चढताना ती दोनदा थांबली. कार्यालयातल्या तरुण कार्यकर्त्याने नाव विचारले, तिने स्वतःचे, मग नवऱ्याचे आणि मग आडनाव सांगितले, आणि तो लिहीत असताना टेबलावर वाकून, अक्षर न् अक्षर लावत, नीट लिहितो आहे ना ते पाहत राहिली.